देव आधी कोण होता? मॉर्मन श्रद्धेला आदराने विचारलेला प्रश्न

वसईतली कॅथलिक मुलगी उद्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत जाऊ लागली, किंवा त्या मंडळीतला मुलगा कॅथलिक झाला, तर त्यांना पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. पाणी डोक्यावर ओतलेलं असो की माणूस पाण्यात बुडवलेला असो, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा हे दोघंही एकमेकांचा मानतात. मॉर्मन म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जोसेफ स्मिथने सुरू केलेल्या, येशूला मानणाऱ्या चर्चचे लोक. त्यांचा बाप्तिस्माही याच तीन नावांनी होतो. तरीही जून २००१ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की मॉर्मन बाप्तिस्मा कॅथलिक चर्चच्या दृष्टीने ग्राह्य नाही. उलट बाजूनेही तेच आहे. कॅथलिक असो वा मेथडिस्ट, मॉर्मन चर्चमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागतो.

म्हणजे आपल्यात मोठा फरक आहे, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. मला हे प्रामाणिकपणाचं वाटतं. 'सगळे एकच' म्हणून विषय गुंडाळला की समोरच्याची श्रद्धा आपण मनावर घेतलीच नाही असं होतं. हा फरक नेमका कुठे आहे आणि आपल्यासारख्या त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाने त्याबद्दल काय विचारावं, ते इथे मांडतो आहे.

आधी नावाचं पाहू. त्यांच्या संस्थेचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 'मॉर्मन' हे टोपणनाव न वापरण्याची विनंती केली. लेखात ओळख पटावी म्हणून मी तो शब्द ठेवला आहे. समोरासमोर बोलताना मात्र त्यांचं पूर्ण नाव घ्यावं.

अमेरिकेत, विशेषतः युटा, आयडाहो, ॲरिझोना भागात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसांना हे लोक रोज भेटतात. पांढरा शर्ट, छातीवर काळी नावाची पट्टी, जोडीने फिरणारी विशीच्या आतबाहेरची मुलं म्हणजे त्यांचे मिशनरी. ती दोन वर्षं घरदार सोडून हे काम करतात. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. कुटुंबाला आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवलेली. शेजारी आजारी पडला तर जेवणाचा डबा घेऊन येणारे हेच. आपल्या भागालाही ते अगदी अनोळखी नाहीत. १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाच्या स्कॉटिश मॉर्मन प्रचारकाने मुंबईत आणि पुण्यात काम केलं होतं, पण ते पुढे टिकलं नाही. २०१८ मध्ये बंगळुरूला त्यांचं मंदिर बांधण्याची घोषणा झाली. चर्चच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे जगभरात त्यांचे १ कोटी ७० लाखांहून जास्त सदस्य आहेत.

सुरुवात कशी झाली, ते थोडक्यात. जोसेफ स्मिथ १८०५ मध्ये व्हरमाँट राज्यात जन्मला आणि न्यू यॉर्क राज्यात पाल्मायरा गावाजवळ वाढला. तिथे तेव्हा धार्मिक जागृतीच्या सभा जोरात होत्या आणि प्रत्येक पंथ लोकांना आपल्याकडे ओढत होता. 'तुमच्यापैकी कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने देवाजवळ मागावे' हे याकोबाच्या पत्रातलं वचन वाचून चौदा वर्षांचा जोसेफ १८२० मध्ये रानात प्रार्थनेला गेला. तिथे पिता आणि पुत्र असे दोघं प्रत्यक्ष दिसले, आणि यांतल्या कुठल्याही चर्चमध्ये जाऊ नकोस असं सांगण्यात आलं, असं त्याचं म्हणणं. पुढे मोरोनी नावाच्या देवदूताने त्याला सोन्याचे लिखित पत्रे दाखवले. त्यांचं भाषांतर म्हणून १८३० मध्ये मॉर्मनचा ग्रंथ छापला गेला आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्च स्थापन झालं. इसवीसनापूर्वी ६०० च्या सुमारास यरुशलेम सोडून अमेरिकेत पोचलेल्या एका कुटुंबाची आणि त्याच्या वंशजांची ही कथा आहे. पुनरुत्थित येशूने त्यांना तिथे भेट दिली, असं तो ग्रंथ सांगतो.

प्रश्न विचारायच्या आधी एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने कबूल करायला हवी. १८३८ मध्ये मिसुरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मन लोकांना राज्यातून हुसकावून लावा, नाहीतर नष्ट करा असा हुकूम काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल इथे जमावाने १७ मॉर्मन पुरुष आणि मुलगे ठार केले. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेज गावी, तुरुंगात असलेल्या जोसेफ स्मिथला जमावाने गोळ्या घातल्या. हे करणाऱ्यांपैकी बहुतेक स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. मॉर्मन घरांत या आठवणी अजून जिवंत आहेत. आपण प्रश्न विचारतो तेव्हा त्यांना आधी तो जमाव आठवतो, हे लक्षात ठेवूनच आवाज लावावा.

म्हणूनच बहुपत्नीत्वापासून सुरुवात करणं मला पटत नाही. ती चाल १८५२ मध्ये उघडपणे जाहीर झाली, १८९० मध्ये चर्चने ती थांबवायचं जाहीर केलं, आणि आज कोणी तसं केलं तर त्याचं सदस्यत्व जातं. जोसेफ स्मिथच्या अनेक बायकांबद्दल चर्चने स्वतःच आता लिहिलं आहे. कृष्णवर्णीयांना याजकपदाची बंदी १९७८ पर्यंत होती, हेही खरं. पण जातीचे कप्पे आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांतही टिकून राहिले, याची लाज आधी आपल्याला वाटायला हवी. त्यांच्या मंदिरातल्या खास वस्त्रांची चेष्टा तर कोणाही श्रद्धावंत माणसाने करू नये.

खरा प्रश्न देवाबद्दलचा आहे. बाकी सगळे फरक त्याच्यातून निघतात.

नेहमीचं ख्रिस्ती मत असं : देव एकच आहे, अनादी आहे, निर्माण न झालेला आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देवपण एकच. तो कशातून तरी घडत घडत देव झाला नाही. त्याच्याखेरीज जे जे आहे ते त्याने शून्यातून निर्माण केलं. पुत्र निर्माण केलेला नाही, पित्याशी एकाच सत्त्वाचा आहे, हे इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत सांगितलं गेलं, आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट एरवी कितीही भांडले तरी इथे एकत्र उभे राहतात.

मॉर्मन शिकवण वेगळी आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन निरनिराळी अस्तित्वं आहेत. त्यांचं एकत्व उद्देशाचं आहे, सत्त्वाचं नाही. १८४३ मध्ये जोसेफ स्मिथने शिकवलेलं आणि आज त्यांच्या अधिकृत शास्त्रात असलेलं वचन म्हणतं की पित्याला माणसासारखंच हाडामांसाचं शरीर आहे. ७ एप्रिल १८४४ रोजी, मृत्यूच्या अडीच-तीन महिने आधी, नॉवू गावी मोठ्या सभेसमोर केलेल्या प्रवचनात तो आणखी पुढे गेला. देवही एके काळी आपल्यासारखाच होता, तो उंचावलेला माणूस आहे, आणि आपल्यालाही देव व्हायला शिकायचं आहे, असं त्याने सांगितलं. हे प्रवचन अधिकृत शास्त्रात घेतलेलं नाही आणि अलीकडचे नेते देवाच्या भूतकाळाबद्दल फारसं बोलत नाहीत, हेही नोंदवायला हवं. पण माणसाने देवासारखं होणं, शाश्वत प्रगती करणं, ही शिकवण आजही त्यांच्या श्रद्धेच्या गाभ्यात आहे.

आता यशयाच्या ४३ व्या अध्यायातलं दहावं वचन शेजारी ठेवा : 'माझ्यापूर्वी कोणी देव झाला नाही व माझ्यानंतर कोणी होणार नाही.' स्तोत्र ९० म्हणतं, 'अनादिकालापासून अनंतकालापर्यंत तूच देव आहेस.' येशू शोमरोनी स्त्रीला म्हणतो की देव आत्मा आहे, आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांना सांगतो की आत्म्याला हाडेमांस नसतात. पुत्राने देह धारण केला, हे तर आपल्या आनंदाचं मूळ आहे. पण पिता कधी माणूस होता, असं पवित्र शास्त्रात कुठेही नाही.

इथवरचं बहुतेकांना माहीत असतं. मला त्याहून महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मॉर्मनच्या ग्रंथातच आहे. त्यातल्या आल्मा नावाच्या पुस्तकात ११ व्या अध्यायात कोणीतरी विचारतं, एकाहून जास्त देव आहेत का? उत्तर मिळतं, नाही. मोरोनीच्या पुस्तकात ८ व्या अध्यायात म्हटलं आहे की देव बदलत नाही, अनादिकालापासून अनंतकालापर्यंत तो तसाच आहे. नेफीच्या दुसऱ्या पुस्तकात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव असल्याचं वचन आहे. हे १८३० सालचं. त्याच काळात जोसेफ स्मिथने सांगितलेल्या मोशेच्या पुस्तकात निर्मितीच्या वेळी 'मी, देव' असं एकवचन आहे. १८४२ मध्ये छापलेल्या अब्राहामाच्या पुस्तकात तीच निर्मितीकथा पुन्हा येते, पण तिथे 'देवांनी' असं अनेकवचन झालं आहे. आणि १८४४ मध्ये देव पूर्वी माणूस होता.

चौदा वर्षांत देवाबद्दलची शिकवण इतकी का हलली? मॉर्मन मित्राला विचारावा असा माझ्या मते हा सर्वांत न्याय्य प्रश्न आहे, कारण तो आपल्या शास्त्राचा दाखला त्याच्यावर लादत नाही, त्याचीच पुस्तकं त्याच्यासमोर ठेवतो. त्याचं उत्तर बहुधा असं येईल : प्रकटीकरण टप्प्याटप्प्याने होतं, देव ओळीवर ओळ शिकवतो. हे उत्तर फेकून देण्यासारखं नाही. जुन्या करारातून नव्या करारात येतानाही समज वाढतेच. पण समज वाढणं आणि आधीचं उलटणं यांत फरक आहे. 'देव बदलत नाही' या वाक्यातून पुढे 'देव अमुक गोष्टीतून देव झाला' असं वाक्य कितीही टप्पे घेतले तरी उगवत नाही.

मॉर्मन अभ्यासक आणखी एक चांगला आक्षेप घेतात. तुमचेच प्राचीन आचार्य असं बोलत नव्हते का? चौथ्या शतकातला अथनासियस लिहितो की आपण देव व्हावं म्हणून ख्रिस्त माणूस झाला. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च आजही हा विचार जपतं, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आपण ईश्वरी स्वभावाचे वाटेकरी होण्याबद्दल वाचतो. आपण हे विसरलो असू तर त्यांनी आठवण करून दिली, बरं झालं. मात्र त्याच अथनासियसने आयुष्यभर एका गोष्टीसाठी झगडा केला, हद्दपारी भोगली : पुत्र निर्माण केलेला नाही, निर्माता आणि निर्मिती यांच्यामधली रेषा तो ओलांडून अलीकडे आला, पण ती रेषा पुसली गेली नाही. कृपेने देवाच्या जीवनात सहभागी होणं एक, आणि देव व माणूस एकाच जातीचे, फक्त प्रवासात पुढेमागे, असं मानणं दुसरं. पहिल्यात उपासनेला अर्थ आहे. दुसऱ्यात मी ज्याची उपासना करतो तोही कुणाच्या तरी व्यवस्थेत वाढला का, हा प्रश्न मागे उरतोच.

यानंतरचा प्रश्न चर्चबद्दल. प्रेषित गेल्यावर खरा अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि तो १८२९-३० मध्ये जोसेफ स्मिथकडून पुन्हा स्थापन झाला, असं ते मानतात. मत्तय १६ मध्ये येशू म्हणतो की अधोलोकाच्या द्वारांचे मंडळीपुढे काहीच चालणार नाही. मग सतराशे वर्षं काय झालं? आपण प्रॉटेस्टंटांनी इथे सांभाळून बोलावं, कारण चर्च भरकटलं असं मार्टिन ल्यूथरसारखे सुधारकही म्हणालेच. पण भिंत पडली म्हणून ती दुरुस्त करणं वेगळं आणि घर मुळात उरलंच नव्हतं म्हणणं वेगळं. शिवाय नव्या करारातली २७ पुस्तकं कोणती, ही यादी पहिल्यांदा जशीच्या तशी दिसते ती अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात, म्हणजे मॉर्मन हिशेबाने अधिकार हरवल्यानंतर कितीतरी वर्षांनी. ती यादी ते स्वतःही वापरतात.

बायबल बरोबर भाषांतरित झालं असेल तिथवरच देवाचं वचन, असं त्यांच्या विश्वासाच्या कलमांत आहे. मौल्यवान गोष्टी त्यातून काढल्या गेल्या, असंही ते शिकवतात. मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाचं संपूर्ण पुस्तक आहे. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ते सुमारे हजार वर्षं जुनं. दोन्हींत बारीक फरक आहेत, पण मजकूर मुख्यतः तोच आहे. काढून टाकलेली महत्त्वाची शिकवण त्यात मिळत नाही.

पुराव्यांचा विषय निघाला की चर्चा लगेच तापते, म्हणून मी एकाच गोष्टीवर थांबतो. मॉर्मनच्या ग्रंथात प्राचीन अमेरिकेत घोडे, रथ, पोलाद येतात. पुरातत्त्वाला हे तिथे त्या काळात सापडलेलं नाही, आणि यावर दोन्हीकडून पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अब्राहामाच्या पुस्तकाचं मात्र वेगळं आहे, कारण तिथे मूळ कागद हाती आहेत. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंड इथे ममींसोबत विकत घेतलेल्या इजिप्शियन पपायरसांतून हे पुस्तक भाषांतरित झालं, असं सांगितलं गेलं. त्यांचे काही तुकडे न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सापडले आणि १९६७ मध्ये चर्चकडे आले. इजिप्तच्या जाणकारांनी ते वाचले, तर ते अब्राहामानंतर दीड हजारहून जास्त वर्षांनी, होर नावाच्या पुरोहितासाठी आणि इतर मृतांसाठी लिहिलेले अंत्यसंस्काराचे मंत्र निघाले. तुकड्यांवरची अक्षरं आणि छापलेलं भाषांतर जुळत नाही, हे चर्चनेही आपल्या लेखात मान्य केलं आहे. मूळ गुंडाळी हरवली असावी, किंवा पपायरस केवळ प्रेरणेचं निमित्त होता, असे खुलासे ते देतात. चर्चने हे लपवलं नाही, याचा मी आदर करतो. पण देवांबद्दलचं ते अनेकवचन याच पुस्तकात आहे, आणि म्हणून हा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही.

यावर मिशनरी मुलं एकच गोष्ट मनापासून सांगतील : ग्रंथ वाचा, प्रार्थना करा, पवित्र आत्मा तुमच्या अंतःकरणात साक्ष देईल. त्यांच्या डोळ्यांतला खरेपणा पाहिला की वाद घालावासा वाटत नाही. आपणही अंतःसाक्षीवाचून ख्रिस्ती होत नाही. नारायण वामन टिळकांचे अभंग कुठल्या तर्कशास्त्रातून आलेले नाहीत. पण बिरुयातल्या लोकांबद्दल प्रेषितांची कृत्ये काय सांगतात? पौलाचं ऐकून ते रोज शास्त्रात शोध घेत होते, आणि याबद्दल त्यांची स्तुती केली आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल पुनरुत्थान सांगतो तेव्हा साक्षीदार मोजून दाखवतो, आणि पाचशेंपैकी बहुतेक अजून जिवंत आहेत म्हणतो. अंतःकरणातली ऊब हवीच, पण परस्परविरोधी श्रद्धांची माणसंही तीच ऊब सांगतात. मग तिला तपासायला बाहेरचं काहीतरी लागतं.

राहिली कृपा. माझ्या जिव्हाळ्याचा भाग हाच. मॉर्मन शिकवणीप्रमाणे ख्रिस्तामुळे सगळ्यांचं पुनरुत्थान होईल आणि वैभवाची तीन राज्यं आहेत. त्यांतल्या सर्वांत वरच्या राज्यात, देवाच्या सान्निध्यात, सार्वकालिक कुटुंबासह राहायचं तर मंदिरातले विधी आणि करार लागतात. मंदिरात जायला परवानापत्र लागतं, आणि ते बिशपच्या, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखाच्या, मुलाखतीनंतर मिळतं : दशांश पूर्ण देता का, खाण्यापिण्याचे नियम पाळता का, हे त्यात विचारतात. नेफीच्या दुसऱ्या पुस्तकातलं प्रसिद्ध वचन म्हणतं की आपल्याला करता येईल ते सगळं केल्यावर कृपेने आपलं तारण होतं. काही मॉर्मन शिक्षक त्याचा अर्थ 'सगळं करूनही शेवटी कृपेनेच' असा लावतात, आणि तो अर्थ त्यांच्यात रुजावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण 'करता येईल ते सगळं' कोणी केलं आहे? इफिसकरांस पत्रात आहे : 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे.'

इथे पुन्हा देवाचाच प्रश्न येतो. देव आपल्याच वाटेने आपल्याआधी चालून गेलेला असेल, तर तो आपल्याला वाट दाखवेल आणि चालायला लावेल. पण तो अनादी असेल, कशाचीच उणीव नसलेला असेल, तर त्याला आपल्याकडून मिळवायचं काहीच उरत नाही, आणि म्हणूनच तो फुकट देऊ शकतो. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' सुखलोक म्हणजे अजून स्वर्ग नव्हे, उरलेले विधी मेलेल्यांसाठी जिवंत माणसं नंतर करतात, असं मॉर्मन मित्र सांगेल. त्याचं पूर्ण ऐकून घ्या. मग आल्माचा ११ वा अध्याय, मोरोनीचा ८ वा आणि यशयाचा ४३ वा, असे तिन्ही त्याच्याबरोबर बसून मोठ्याने वाचा, आणि त्यालाच विचारा की या तीन पानांवरचा देव कधीकाळी देव नव्हता, असं तुला यात कुठे दिसतं.